नगरमध्ये नेमकं कुठं?

मागच्या पावसाळ्यात आमच्या टीममध्ये एक नवा मुलगा रुजू झाला. त्याच्या बोलण्यातला 'काय राव' ऐकला आणि मी विचारलं, "नगरचा का?" तो खूश झाला. पुण्यातल्या आयटी कंपन्यांत नगरची पोरं पायलीची पन्नास मिळतात, तरी गाववाला भेटला की बरं वाटतंच. मी पुढचं विचारलं, "नगरमध्ये कुठं?" तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "किल्ल्याच्या बाजूला."

मला आधी हसू आलं. मग त्या रात्री नीट झोप लागली नाही. कारण हेच उत्तर मी स्वतः बारा वर्षं देत आलोय, शब्दन् शब्द हेच. किल्ला आमच्या घरापासून लांब नाही, त्यामुळे ते खोटंही नाही. पण खरं उत्तर 'मुकुंदनगर' असं आहे. माझं, आणि नंतर कळलं, त्याचंही.

मुकुंदनगर म्हटलं की शिवी पडत नाही. कुणी भांडत नाही. समोरचा एवढंच म्हणतो, "अच्छा, तिकडं." त्या 'तिकडं'मध्ये काय काय भरलेलं असतं ते या मासिकाच्या वाचकांना सांगायची गरज नाही. मुंब्र्याच्या, कोंढव्याच्या, भिवंडीच्या, मालेगावच्या पोरांनी आपापल्या वस्तीचं नाव त्या जागी ठेवून बघावं. तो 'तिकडं' ऐकायचा नाही म्हणून आम्ही किल्ल्यामागं लपतो.

हा लेख 'तिकडं' म्हणणाऱ्यांसाठी नाही. त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. हा लेख लपणाऱ्यांवर आहे, म्हणजे माझ्यावर आणि तुमच्यातल्या बऱ्याच जणांवर.

आधी हिशोब मांडतो, आम्ही कुठून आलो त्याचा. माझे दादा आष्टी तालुक्यातल्या एका खेड्यातून १९७२ च्या दुष्काळात नगरला आले. आष्टी म्हणजे बीड जिल्हा, जुनी निजामाची हद्द. नगरपासून साठ-सत्तर किलोमीटर. दादा पिंजारी. खेड्यात कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या. दुष्काळात गादी कोण भरून घेणार? दादीनं दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, रेशनवर मिळणाऱ्या मिलोच्या भाकरी थापल्या. पाऊस पडला तेव्हा परत जायला तिथं काही उरलं नव्हतं. म्हणून शहराच्या कडेला, जिथं जागा स्वस्त होती तिथं, बाँडपेपरवर थोडीशी जागा घेतली आणि पत्रे टाकले. आमच्या गल्लीत चार घरं पाथर्डीकडची, दोन जामखेडची, एक शेवगावचं, एक कर्जतचं. मधल्या शहरातल्या जुन्या वाड्यांच्या वाटण्या झाल्यावर बाहेर पडलेलीही काही. अरबस्तान, इराण, तुराण यांतलं या गल्लीत कुणी नाही. सगळे एसटीच्या एका तिकिटाच्या अंतरावरून आलेले.

पण आमच्या लग्नाच्या पत्रिका वाचा, बायोडेटा वाचा, व्हॉट्सअॅपवरचे खानदानी इतिहास वाचा. प्रत्येकाचा पणजोबा कुणा तरी बादशहाच्या लष्करासोबत आलेला असतो. पिंजारी, बागवान, आतार, तांबोळी, मुलाणी ही इथल्या मातीतली नावं आपण दोन पिढ्यांत 'शेख' आणि 'खान' यांच्या मागं ढकलून दिली. गंमत अशी, की हेच लोक दुसऱ्या दिवशी 'तुम्ही बाहेरचे' असं कुणी म्हटलं की खवळून उठतात. अरे, तुम्हीच तर पत्रिकेवर छापलं होतं ना!

याच्या उलटा एक प्रकार आहे, जास्त शिकलेल्यांचा. मीही त्यातलाच. आम्ही पुरावे देतो. आमच्या शेजारी दर्गा दायऱ्यात हजरत शहा शरीफ यांची दर्गा आहे. मालोजीराजांनी इथं मूल व्हावं म्हणून नवस केला आणि मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही परंपरा महाराष्ट्राला माहीत आहे. ती सुंदर आहे, मला तिचा अभिमान आहे. पण आपण तिचं काय केलंय? प्रत्येक शांतता समितीच्या बैठकीत, प्रत्येक सद्भावना मेळाव्यात आपला एक वक्ता उठतो आणि ही गोष्ट ना-हरकत दाखल्यासारखी टेबलावर ठेवतो. पाठोपाठ दुसरा सांगतो, की निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याचं घराणं मूळचं पाथरीच्या ब्राह्मणाचं. तिसरा मौलाना आझादांना घेऊन येतो, ते १९४२ ते १९४५ याच किल्ल्यात कैदेत होते आणि 'गुबार-ए-खातिर' त्यांनी इथंच लिहिलं. टाळ्या होतात, चहा होतो, लोक घरी जातात.

हे सगळं खरं आहे. माझा आक्षेप खरेपणावर नाही. आक्षेप असा, की नळाला पाणी, गल्लीत दिवा आणि बँकेत कर्ज मागायला चारशे वर्षांपूर्वीचा दाखला का लागावा? पाण्याची पट्टी भरताना आपल्याला कुणी वंशावळ विचारत नाही. मग पाणी मागताना आपणच ती का काढतो? आणि ज्याच्या गल्लीजवळ दर्गा नाही, ज्याच्या गावात कुणा राजानं नवस केला नाही, जो काल रात्रीच्या रेल्वेनं गोरखपूरहून आलाय, त्याला पाणी नको का? आपण जेव्हा 'आम्ही इथले जुने' असं म्हणतो, तेव्हा जुन्याला जास्त हक्क असतो हा नियम आपणच मान्य करतो. तो नियम एकदा मान्य केला, की आपल्याहून जुना कुणीतरी निघणारच.

आता नगरचं म्हणाल, तर इथं जुनं कोण आहे? २८ मे १४९० ला मलिक अहमदनं भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि पुढं १४९४ च्या सुमारास त्या जागेच्या आसपास सीना नदीकाठी शहर वसवलं. म्हणजे भिंगार आधीचं. आज ज्याला आपण 'शहर' म्हणतो आणि ज्याच्या कडेला आपण राहतो असं समजतो, ते शहर हीच मुळात भिंगारच्या वेशीबाहेर पडलेली नव्या लोकांची छावणी. मग त्या छावणीत कोण आलं नाही? तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. कित्येकांच्या घरात आजही तेलुगू बोलतात आणि बाहेर अस्सल नगरी मराठी. राजस्थानातून मारवाडी व्यापारी आले. १८३१ मध्ये अमेरिकेतून मिशनरी आले. ज्या मिस फरार यांच्याकडं सावित्रीबाई शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला नगरला आल्या, त्या बाई समुद्रापलीकडच्या. फाळणीनंतर सिंधी आणि पंजाबी निर्वासित आले. यातल्या कुणालाही 'नगरमध्ये कुठं?' या प्रश्नानंतर थांबावं लागत नाही. लागूही नये. मला त्यांचा हेवा वाटतो एवढंच.

शहराला आता अहिल्यानगर हे नाव आहे, २०२४ पासून. नाव गेलं तेव्हा मलाही लागलं. शाळेच्या दाखल्यावर, पदवीवर, पासपोर्टवर जे लिहिलेलं आहे ते बदलतं तेव्हा पोटात काहीतरी होतंच. पण अहिल्यादेवींशी माझं भांडण असूच शकत नाही. त्या १७२५ मध्ये याच जिल्ह्यात, चौंडीला जन्मल्या आणि त्यांनी राज्य केलं कुठं? माळव्यात. नर्मदेकाठी महेश्वरला परमुलखातून आलेली एक सून घाट बांधते, विहिरी बांधते आणि तिथले लोक तिला आई म्हणतात. परक्या मुलखाला आपलं करणारं नाव आमच्या शहराला मिळालंय. ते मिरवणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं, आणि आपणही रात्रंदिवस पोस्टी टाकताना ठेवायला हरकत नव्हती.

इतिहासातली एक गोष्ट मात्र आपले वक्ते कधी सांगत नाहीत, कारण ती कुणालाच सोयीची नाही. निजामशाहीच्या काळात दरबारात दोन गट होते. एक दख्खनी, दुसरा इराण-तुराणाकडून आलेल्यांचा. या दुसऱ्यांना फारसी कागदपत्रांत 'आफाकी' किंवा 'गरीब' म्हणत. गरीब हा मूळचा अरबी शब्द, त्याचा अर्थ परका, परदेशी. १५८९ मध्ये सत्तेच्या भांडणात जमालखानाच्या बाजूच्या लोकांनी नगर शहरात या परक्यांची कत्तल केली. मारणारेही मुसलमान, मरणारेही मुसलमान. इतिहासकार फरिश्ता, जन्मानं इराणमधल्या अस्तराबादचा पण लहानपण नगरमध्ये गेलेला, त्याच वर्षी शहर सोडून विजापूरला निघून गेला. आणि मारणाऱ्या 'दख्खनी' गटात हबशीही होते, ज्यांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून इथं आणलं गेलं होतं. आफ्रिकेतून आलेला आतला ठरला आणि इराणमधून आलेला बाहेरचा. दोघांच्या गावांचं अंतर मोजून कुणी हे ठरवलं नव्हतं. त्या आठवड्यात तलवार कुणाच्या हातात आहे, यावर ठरलं.

तो 'गरीब' शब्द पुढं आपल्या मराठीत राहिला, फक्त त्याचा अर्थ बदलला. परका तो गरीब, गरीब म्हणजे ज्याच्याकडं पैसा नाही तो. भाषाशास्त्र माझा विषय नाही, पण मुकुंदनगरमध्ये वाढलेल्या माणसाला हे शब्दकोश न उघडता कळतं. आधी तुम्हाला परकं ठरवतात. मग तुमच्याकडं पैसा येणारे रस्ते एकेक करून बंद होतात. मग म्हणतात, हे लोक गरीबच असतात.

हे रस्ते कसे बंद होतात, ते मी जवळून पाहिलंय. पाहिलंय कशाला, बंद करायला हात लावलाय.

काही वर्षांपूर्वी मी एका कर्ज देणाऱ्या अॅपच्या कामावर होतो. ग्राहक कंपनीकडून एक एक्सेल शीट आली. त्यात पिनकोड, शहर, भाग आणि शेवटी एक रकाना : 'निगेटिव्ह एरिया', हो किंवा नाही. 'हो' असेल तर अर्जदाराचा पगार, जुना कर्जाचा इतिहास, काहीही न बघता अर्ज तिथंच थांबवायचा आणि पडद्यावर एक नम्र वाक्य दाखवायचं, की सध्या आम्ही आपल्याला सेवा देऊ शकत नाही. मी सहज शीट खाली सरकवत गेलो. राज्यातल्या एकेका शहराची ओळखीची नावं येत होती. झोपडपट्ट्या होत्या, बौद्ध वस्त्या होत्या, आपले मोहल्ले होते. नगरच्या ओळींत मुकुंदनगर होतं.

मी काय केलं असेल? काही नाही. काम पूर्ण केलं. दुपारच्या चहापर्यंत कोड तयार होता. चाचणीसाठी एखादा पत्ता लागतो म्हणून मी आमच्याच गल्लीचा टाकला. नम्र वाक्य पडद्यावर आलं. चाचणी यशस्वी. तिकीट 'डन'मध्ये सरकवलं आणि सहाच्या बसनं घरी गेलो.

माझा मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याला मुकुंदनगर कुठं आहे हेही माहीत नव्हतं. शीट बनवणाऱ्यालाही बहुधा नसेल. त्याला ती वसुली करणाऱ्या एजंटांकडून मिळाली असेल, एजंटाला आधीच्या कंपनीतून. द्वेष करायला निदान समोरचा माणूस दिसावा लागतो. इथं फक्त एक रकाना आहे. सच्चर समितीनं २००६ मध्ये लिहून ठेवलंय, की काही बँका मुस्लिमबहुल भागांना 'निगेटिव्ह' किंवा 'रेड' झोन धरतात आणि तिथं कर्ज देणं टाळतात. तेव्हा हे बँकेच्या शाखाधिकाऱ्याच्या डोक्यात होतं, फार तर त्याच्या टेबलाच्या खणात. शाखाधिकाऱ्याला भेटता यायचं, त्याच्या ओळखीचा एखादा गुरुजी नेऊन रदबदली करता यायची. आता तेच सर्व्हरवर गेलंय आणि सर्व्हरला चहा पाजता येत नाही.

पुढचं चक्र तुम्ही स्वतः लावू शकता. भागाला कर्ज नाही, म्हणून माणूस भिशी लावतो, दागिने गहाण टाकतो, सावकाराकडं जातो. ती परतफेड तो इमानानं करतो, पण ती कुठल्याच यंत्रणेत नोंदली जात नाही. नोंद नाही म्हणून त्याचा स्कोअर नाही. स्कोअर नाही अशी माणसं जास्त, म्हणून भाग धोक्याचा. भाग धोक्याचा, म्हणून कर्ज नाही.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर माझाही त्या मेळाव्यातला वक्ता होईल. सगळंच रकान्यामुळे होत नाही. आपल्या जागा बाँडपेपरवर आहेत, बिगरशेती नाहीत, सातबाऱ्यावर भलत्याच कुणाचं नाव आहे. अशा जागेवर कुठलीच बँक घरासाठी कर्ज देणार नाही, मालक कोणत्याही धर्माचा असो. महाराष्ट्रानं गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ मध्ये केला. आमच्या गल्लीत त्या कायद्याची माहिती असलेला पहिला माणूस मला २०१९ मध्ये भेटला, आणि तो एजंट होता. अठरा वर्षं! या अठरा वर्षांत आमच्या गल्लीतून पाच इंजिनिअर, दोन वकील आणि एक सीए निघाले. आम्ही सगळे पुण्याला, मुंबईला, एक जण दुबईला. ईदला घरी येतो, शिरखुर्मा पितो, 'यहाँ कुछ नहीं बदलता' असं म्हणतो आणि तिसऱ्या दिवशी शिवशाही पकडतो.

एप्रिल २०२० मध्ये मात्र मी पळून जाऊ शकलो नाही, कारण लॉकडाऊनमध्ये घरीच अडकलो होतो. मुकुंदनगर हॉटस्पॉट म्हणून सील झालं. साथीत भाग सील होतात, त्याची तक्रार नाही, दुसरेही झाले. पण टीव्ही लावला की आम्ही रोगी नव्हतो, रोग होतो. तबलीगसाठी आलेल्या आणि जिल्ह्यातल्या मशिदींत राहिलेल्या परदेशी पाहुण्यांवर गुन्हे दाखल झाले होते. माझ्या ऑफिसच्या ग्रुपवर जे येत होतं ते मी वाचत होतो, आणि कॅमेरा बंद ठेवून मीटिंगला बसत होतो, मागं अजान ऐकू जाऊ नये म्हणून माइकही बंद. २१ ऑगस्ट २०२० ला औरंगाबाद खंडपीठानं नगर जिल्ह्यातले त्या २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि साथीच्या काळात बळीचे बकरे शोधले जातात, अशा आशयाचं कडक निरीक्षण नोंदवलं. आपल्या जिल्ह्यातला खटला, देशभर गाजलेला निकाल. तुमच्यातल्या किती जणांनी तो वाचलाय? मी तो २०२३ मध्ये वाचला. तोवर मला फक्त ग्रुपवरचे मेसेज पाठ होते.

आता घरातलं बोलतो, जे बोललं की लोक रागावतात.

आमच्या भागातल्या कित्येक मशिदींचे इमाम आणि मदरशांचे उस्ताद बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले आहेत. पाच वेळा आपण त्यांच्यामागं उभे राहतो. त्यांचा पगार किती असतो ते विचारू नका, लाज वाटेल. तेच इमाम बायकोमुलांना घेऊन आले आणि भाड्यानं खोली शोधायला लागले, की आपली वाक्यं ऐका. "ये यूपी-बिहारवाले आके गंदगी करते." "एक आया तो दस आते." हीच वाक्यं पुण्यात फ्लॅट शोधताना माझ्या कानावर मराठीत पडली होती, आणि त्यावर मी एक लांबलचक पोस्ट लिहिली होती. तीनशे लाइक मिळाले. आमच्या गल्लीत बिगारी कामाला आलेली झारखंडची मुलं सहा जण एका खोलीत राहतात. त्यांच्या खोलीचं भाडं घेणारे हाजीसाहेब पाणी सुटण्याच्या वेळी त्यांना रांगेत शेवटी उभं करतात. कारण काय, तर ते 'बाहेरचे'.

दादा आष्टीहून आले तेव्हा त्यांनाही आधीच्या लोकांनी 'दुष्काळी' म्हणून हिणवलं होतं. दादी ते मरेपर्यंत विसरली नाही. आणि तिचाच मुलगा, म्हणजे माझे अब्बा, परवा मला म्हणाले, "आजकल मोहल्ले में बाहर के लोग बहुत हो गए." मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

आपल्याला मलिक अंबर हवा आहे. इथिओपियात जन्मलेला, पुन्हा पुन्हा विकला गेलेला, निजामशाहीचा वजीर झालेला, जमीनमोजणी करणारा, खडकी वसवणारा. त्याच्यावर आपण व्याख्यानं ठेवतो. पण मलिक अंबर आज नगर स्टेशनवर उतरला, तर त्याला मुकुंदनगरमध्ये खोली मिळेल का? आधार कार्डावरचा पत्ता बघून आपलाच एखादा घरमालक म्हणेल, "फॅमिलीवालों को देते, भाई."

मदिनेचं उदाहरण आपण सगळे देतो, मुहाजिर आणि अन्सार यांचं. हिजरतीनंतर प्रेषितांची (स.) पहिली मशीद उभी राहिली ती कुबाला, शहराच्या मध्यात नव्हे तर वेशीबाहेर. आणि भाईचारा नुसता खुत्ब्यात झाला नव्हता. घर, खजुराच्या बागा, कमाई यांत वाटा दिला गेला होता. आपण मुहाजिराची बाजू तोंडपाठ केलीय. अन्सारची बाजू आली की आपण डिपॉझिट वाढवतो.

'मग करायचं काय?' असं हा लेख वाचून कुणी तरी विचारेलच, आणि विचारायलाच हवं. मोठा कार्यक्रम माझ्याकडं नाही. मोर्चे काढणाऱ्यांचा मी अनादर करत नाही, पण मला कोड आणि कागद एवढंच जमतं.

गेल्या दिवाळीपासून आम्ही तिघं-चौघं महिन्यातून एक रविवार नगरला जातो. एका मित्राच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो. माहितीच्या अधिकारासाठी ज्या जिल्ह्यातून, पारनेरच्या राळेगणसिद्धीतून, एवढं मोठं आंदोलन झालं, त्या जिल्ह्यात आपल्या पोरांना अर्ज कसा करतात हे माहीत नाही. दहा रुपयांचं काम आहे ते. आम्ही अर्ज लिहून देतो, गुंठेवारीच्या कागदांची यादी करून देतो. पहिल्या रविवारी कुणीच आलं नाही. दुसऱ्या रविवारी दोन बायका आल्या, दोघी शिवणकाम करणाऱ्या, दोघींचं शिलाई मशीनसाठीचं कर्ज तोंडी नाकारलं गेलेलं. "साहब ने बोला एरिया में नहीं बैठता," त्यातली एक म्हणाली. तिला 'एरिया में नहीं बैठता' म्हणजे काय ते समजलं नव्हतं. मला समजलं. मी तेच कोडमध्ये लिहिलं होतं.

त्या रविवारी मी तिला ते सांगितलं. ती माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "तो निकाल डाल ना बेटा." मी आता त्या कंपनीत नाही, ते अॅपही माझ्या हातात नाही, हे तिला कसं समजावून सांगावं कळेना.

म्हणून, ज्यांना कर्ज तोंडी नाकारलं गेलं आहे त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या शिकलेल्या पोरांसाठी विशेषतः : रिझर्व्ह बँकेची २००३ पासूनची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, की छोट्या कर्जाचा अर्ज नाकारला तर त्याचं मुख्य कारण बँकेनं लेखी कळवावं. २००७ मध्ये रकमेची मर्यादाही काढून टाकली. तेव्हा अर्ज तोंडी करू नका. लेखी द्या, पोच घ्या, तारखेचा शिक्का मारून घ्या. नकार आला तर कारण लेखी मागा. 'एरिया' हे कारण लेखी द्यायला कुणी सहजासहजी धजावणार नाही. दिलंच, तर तो कागद जपून ठेवा, कारण रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करताना तोच कामी येतो. दोन-चार अर्ज एकाच गल्लीतून, एकाच आठवड्यात गेले तर जास्त चांगलं. आणि अर्जात पत्ता लिहिताना 'किल्ल्याजवळ' किंवा 'भिंगार रोड' असं लिहू नका. मुकुंदनगर लिहा, गल्ली लिहा, घर नंबर लिहा.

त्या दोघींचे अर्ज आम्ही असेच लिहिले. एकीला लेखी कारण आलं, उत्पन्नाचा पुरावा अपुरा. तो पुरावा आता तयार होतोय. दुसरीचं उत्तर अजून यायचं आहे. टीममधला तो नवा मुलगाही गेल्या महिन्यात आमच्यासोबत आला होता. दुकानात मला त्याचे अब्बा भेटले. आमच्या मागच्याच गल्लीत राहतात, मूळचे पाथर्डीचे.